कोंडीचा पाय, भागाबाईचं नाव

जन्मदाखल्यावर आईचं नाव भागाबाई होतं आणि माझ्या टेबलासमोर मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचं नाव सुमन. मी दाखला दोनदा वाचला. वडिलांचं नावही वेगळंच. मुलीचं तेवढं बरोबर होतं, कोंडाबाई.

"सुमन, हा कुणाचा दाखला आणलास?"

"कोंडीचाच हाय की मॅडम."

"यात आई भागाबाई लिहिलीय."

"व्हय. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई."

"मग तुझं नाव कुठंय?"

दाराशी तिची सासू उभी होती. तीच म्हणाली, "तिचं नाव कशाला पायजे? पोरगी थोरलीचीच हाय."

माझं डोकं फिरलं. मुलीला दहा आठवड्यांत जर्मनीला पोचवायचं होतं आणि तिची आई कोण, इथपासून सुरुवात होती.

मी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. नाव भारदस्त आहे, काम तसं नाही. डॉक्टर आजार बघतात, सिस्टर पेशंट बघतात, आणि उरलेलं सगळं, म्हणजे दाखले, योजना, रेशनकार्डं, वॉर्डातली नातेवाइकांची भांडणं, हे माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षं केलं. माणसापेक्षा त्याचा कागद आधी बघायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

आता कोंडीचा पाय. तिची डावी नडगी जन्मापासून वाकडी होती. दीड वर्षाची झाल्यावर उभी राहायला गेली आणि नडगी मोडली. प्लास्टर घातलं, हाड जुळलं नाही. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. लहान मुलाचं हाड एरवी महिना-दीड महिन्यात जुळून येतं. या आजारात ते जुळतच नाही. मोडल्या जागी मऊ पडतं आणि पाय तिथून हलायला लागतो, गुडघ्याखाली आणखी एक गुडघा असावा तसा. डॉक्टर त्याला 'खोटा सांधा' म्हणतात. एक ऑपरेशन करून आत सळई घालून झाली होती, तीही टिकली नाही. आता गुडघ्याखाली पाय काढून कृत्रिम पाय बसवा, असा सल्ला मिळाला होता. सल्ला चुकीचा नव्हता. पण चार वर्षांच्या मुलीचा पाय काढा असं सुमनला समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते महिनाभर पुढं ढकलत होते.

तेवढ्यात दिव्यांग मुलांचं तपासणी शिबिर लागलं. पुण्याच्या एका संस्थेबरोबर एक जर्मन सर्जन आले होते. उंच, अबोल माणूस. त्यांनी कोंडीचा पाय हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, अजून एक संधी आहे. त्यांच्या रुग्णालयात अशीच मुलं येतात. संस्थेच्या मुलांसाठी ते वर्षाला दोन खाटा मोफत देतात. त्यातली एक दहा आठवड्यांनी रिकामी होणार होती. मुलीबरोबर एकच माणूस चालेल, आणि ती आई हवी. दुसरी आधीच ठरलेली होती, ही चुकली तर पुढची थेट वर्षानं.

"वर्षभर थांबलो तर?" मी विचारलं.

दुभाष्यानं त्यांचं उत्तर सांगितलं, "मग येऊ नका. पाय काढणंच बरं."

कुटुंब धनगराचं. तेरजवळच्या एका वस्तीवर घर. वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन बाहेर. सुमनची पहिली दोन मुलं गेली होती, एक जन्मल्या दिवशीच, दुसरं बारशाच्या आधी. तिसऱ्या वेळी बेंबळीच्या शिवारात कळप बसवला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, तसा. तिथंच पालात कोंडी झाली.

मुलं जगत नसली की आमच्याकडं एक रीत आहे. जिची लेकरं जगतात अशा बाईला ते मूल विकायचं. मूल सुपात घालून तिच्यापुढं ठेवतात, ती पसाभर कोंडा देते आणि मूल उचलते. सौदा झाला. मूल पुन्हा आईकडंच वाढतं, पण म्हणायला ते दुसरीचं. पाचवीला नशीब लिहायला येणाऱ्या सटवीनं फसावं म्हणून हे सगळं. कोंडिबा, कोंडाबाई ही नावं अशीच पडलेली असतात. माझ्या माहेरीही एक कोंडिबा मामा होते, तेव्हा मला यात नवल नव्हतं. भागाबाईची तीन पोरं धडधाकट जगलेली, म्हणून कोंडी तिला विकली. एवढ्यावर भागलं असतं. पण सासू नोंद करायला ग्रामसेवकाकडं गेली तेव्हा तिनं आईबापांचीही थोरल्यांचीच नावं सांगितली.

"आजी, रीत केली ते ठीक. कागदावर कशाला तसं लिहायला लावलं?"

"सटवीला फसवायचं आन् कागदावर खरं लिवायचं? चालतंय व्हय असं?"

पोरगी जगली होती. म्हातारीच्या दृष्टीनं पुरावा समोर बसला होता.

जन्म दवाखान्यात झाला असता तर नोंद तिथूनच गेली असती. पालातल्या बाळंतपणाला कसली चिठ्ठी? ग्रामसेवकानं सांगितलं ते लिहिलं, दोन साक्षीदार घेतले. पुढं त्या दाखल्यावर आधार कार्ड निघालं, आधारवर दिव्यांग प्रमाणपत्र निघालं. ते प्रमाणपत्र माझ्याच टेबलावरून गेलं होतं. समोर सुमन बसलेली असताना मी त्यावरचं आईचं नाव वाचलं नव्हतं. मुलीचं नाव जुळलं, फोटो जुळला, पुढचा पेशंट.

दुरुस्ती होत नाही असं नाही. पण स्पेलिंग सुधारणं वेगळं आणि आई-बाप दोन्ही बदलणं वेगळं. त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "डीएनए मागतील. सहा महिने म्हणतो मी, तुम्ही वर्ष धरा."

मी दवाखान्याच्या मुख्य साहेबांकडे गेले. माणूस सज्जन, पण सतत घाईत.

"सर, दाखल्यावर आई दुसरीच आहे."

"दाखला खरा आहे ना? सही, शिक्का?"

"दाखला खरा आहे. माहिती खोटी आहे."

"मग दाखल्यावर जी आई आहे तिला पाठवा."

"सर, मुलगी चार वर्षांची आहे."

"आठवडे किती आहेत आपल्याकडं?"

"दहा."

"मग मला काय विचारता?"

त्यांनी मला हुकूम दिला नव्हता, हे इथं सांगितलं पाहिजे. केबिनच्या बाहेर आले तेव्हा ठरवणारी मीच होते. संस्थेचे कोऑर्डिनेटर पाटणकर यांना खरं सांगून बघता आलं असतं. कदाचित त्यांनी काही वाट काढली असती. कदाचित खाट दुसऱ्या मुलाला दिली असती. मी त्यांना फोन केला आणि म्हणाले, "कागद तयार आहेत. आईचं नाव भागाबाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. सुमनचा नवरा बिरा मेंढरं थोरल्या भावावर सोडून आला होता, तो भिंतीला टेकून उभा राहिला. भागाबाई पदराचं टोक पिळत बसली. मी सगळं समजावलं.

भागाबाई घाबरून गेली. "म्या? मला लातूर बी नीट ठावं न्हाय, मॅडम. सुमनीला धाडा. त्यो कागद फाडा अन् दुसरा लिवा."

"दुसरा लिहायला वर्ष लागतं."

"नाव बदलायचं न्हाय," सासू म्हणाली. "बदललं की लेकरू गेलं. माझ्या जित्यापणी न्हाय."

मी सुमनकडं पाहिलं. तीही सासूच्या बोलण्याला भ्यायली होती, तोंडावर दिसत होतं. दोन पुरलेली मुलं तिची होती, माझी नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "किती दिस?"

"सहा महिने. बघता बघता जातील."

"पाय ऱ्हाईल?"

"राहील असं डॉक्टर म्हणतात."

"मग जावा आक्का तुमी," ती भागाबाईला म्हणाली.

यात माझी आणखी एक करामत आहे. व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं. तिथं कधी कधी लहान मुलालाही साधं काही विचारतात असं मी ऐकलं होतं. कोंडी सुमनला आई म्हणायची आणि भागाबाईला थोरली. तिथं काउंटरपुढं तिनं भागाबाईला 'थोरली' म्हटलं असतं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून मी सांगितलं, "आतापासून तिला सवय लावा. भागाबाई आई, आणि सुमन काकू."

पंधरा दिवसांनी पासपोर्टच्या सह्या घ्यायला वस्तीवर गेले. अंगणात सुमन कोंडीला पुढ्यात घेऊन बसली होती. शेजारी भागाबाई.

"ही कोन?" सुमननं विचारलं.

"थोरली."

"न्हाय. आई म्हन."

"आई तर तू हाईस."

"म्या काकू. काकू म्हन मला."

कोंडी खदखदून हसली. तिला तो खेळ वाटत होता. सुमनच्या मुठीत गुळाचे खडे होते. बरोबर उत्तर आलं की एक खडा. चौथ्या वेळेला कोंडीनं भागाबाईकडं बोट केलं आणि "आई" म्हणाली, सुमनकडं केलं आणि "काकू" म्हणाली. सुमननं दोन खडे दिले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "जमलं की हो, मॅडम."

"छान," मी म्हणाले. त्या 'छान'ची मला अजून लाज वाटते.

व्हिसाच्या माणसानं कोंडीला काहीही विचारलं नाही. कागद पाहिले, भागाबाईच्या बोटांचे ठसे घेतले, संपलं. आमची शिकवणी फुकट गेली. पण कोंडी हुशार होती, तिनं शिकलेलं टाकून दिलं नाही.

त्या गेल्या. ऑपरेशन झालं. खोट्या सांध्याचं हाड काढून कंबरेचं हाड तिथं बसवलं आणि पायाभोवती लोखंडी रिंगा लावल्या. त्या रिंगांच्या तारा हाडातून आरपार जातात, रोज साफ कराव्या लागतात, नाहीतर पू होतो. ज्या बाईला लातूर ठाऊक नव्हतं ती परक्या मुलखात हातमोजे घालून रोज ते करत होती. भागाबाईबद्दल कुणी वाईट बोललेलं मला खपत नाही ते यासाठी.

वस्तीवर रेंज नव्हती, म्हणून दर मंगळवारी ओपीडी संपल्यावर सुमन माझ्या खोलीत यायची आणि माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लागायचा. पहिल्या महिन्यात कोंडी स्क्रीनवर सुमनला बघून "आई, आई" करून आकांत मांडायची. भागाबाई घाबरून इकडंतिकडं बघायची, आजूबाजूला सिस्टर असायच्या. "काकू म्हन गं, काकू," ती दबक्या आवाजात दटावायची. सुमनही इकडून तेच सांगायची. दोघी मिळून एका रडणाऱ्या पोरीला माझा धडा शिकवत होत्या आणि मी शेजारी बसून फोन धरत होते.

मग ती रडायची थांबली. चौथ्या महिन्यात सहज म्हणाली, "काकू, माझ्या रिंगा बघ." दाखवल्या आणि कॅमेऱ्यापासून तोंड फिरवून भागाबाईच्या कुशीत शिरली. सुमन त्या दिवशी कॉल संपल्यावर बराच वेळ बाकावर बसून होती. मी चहा मागवला. तिनं घेतला नाही.

मध्येच पाटणकरांचा निरोप आला. कोंडीच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत, तसे घरात आणखी कुणाला आहेत का? काही वेळा हा आजार आईकडून आलेला असतो, तिथल्या आईच्या अंगावर तर काही नाही. मी सुमनला विचारलं. तिनं बाही वर केली. दंडावर तीन डाग होते. "पाठीवर बी हायत," ती म्हणाली, "लहानपनापासून."

आता हे कळवायचं कसं? मी लिहिलं, मुलीच्या काकूच्या अंगावर असे डाग आहेत. दोन दिवसांनी उत्तर आलं. काकूचं मुलीशी रक्ताचं नातं नसल्यामुळे ही माहिती उपयोगाची नाही, आभारी आहोत. सुमनची तपासणी मी नंतर आमच्याच डॉक्टरांकडून गुपचूप करून घेतली. आजार तिच्याकडूनच आला होता. तिला तो फारसा जाणवला नव्हता, एवढंच. जर्मनीतल्या फाईलमध्ये मात्र, आई निरोगी.

सहा महिन्यांचे नऊ झाले. हाड सावकाश भरत होतं.

त्या परतल्या तेव्हा संस्थेची गाडी थेट दवाखान्यात आली. कोंडी पायाला आधाराचा ब्रेस आणि जाड तळाचा बूट घालून गाडीतून उतरली आणि माझ्या खोलीपर्यंत आपल्या पायांनी चालत आली. डावा पाय थोडा आखूड, पण सरळ. मी नोकरीत इतक्या वर्षांत ओक्साबोक्शी रडले ती त्या दिवशी. साहेबही खाली आले. कुणीतरी पेढे आणले.

सुमन दारात गुडघ्यावर बसली होती, दोन्ही हात पुढं करून. कोंडी थांबली. मग भागाबाईच्या निऱ्यांमागं गेली आणि म्हणाली, "आई, काकू आली."

भागाबाईनं तिला पुढं ढकललं. "अगं ही तुजी आई. खरी आई हीच हाय. जा." कोंडीनं किंकाळी फोडली. ब्रेस घातलेल्या पायानं तिला धड पळताही येईना. तिला वाटलं, आपल्याला टाकून देतायत. शेवटी सुमनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. दमलंय लेकरू."

आम्हाला वाटलं, आठवड्याभरात निवळेल. निवळलं नाही. झोपायला भागाबाई, जेवायला भागाबाई. ब्रेसचे पट्टे किती आवळायचे, व्यायाम कुठला, हे तिलाच येत होतं. दिवाळीनंतर मेंढरं बाहेर निघाली. कोंडीला पालात ठेवता येणार नव्हतं. तिला शाळा होती, व्यायाम होते. भागाबाई वस्तीवर थांबली आणि बिराबरोबर कळपामागं सुमन गेली. कुणी वाईट वागलं नाही. ज्याचं त्याचं बरोबरच होतं.

उन्हाळ्यात कळप परतला तेव्हा सुमन एकटीच माझ्याकडं आली. उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, आता सासूबाई बी ऱ्हायल्या न्हाईत. पोरगी चालाया लागली. आता तरी कागद नीट करा."

तिला काय सांगायचं हे मला पाटणकरांचं शेवटचं पत्र आल्यापासून माहीत होतं. ती यायची वाट बघत मी गप्प बसले होते. या आजारात जुळलेलं हाड पुन्हा मोडू शकतं. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी तिकडं तपासणी, लागलं तर पुन्हा ऑपरेशन. पासपोर्टवर आई भागाबाई. ऑपरेशनच्या संमतीवर सही भागाबाईची. आता दाखला बदलला तर त्या सगळ्या सह्या खोट्या ठरणार. कोंडीची खाट जाणार, आणि संस्थेच्या इतर मुलांच्याही खाटा धोक्यात येणार. मी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. माझं नाव यात कुठं कुठं येतं तेही सांगितलं.

"किती वर्सं?" तिनं विचारलं.

"कोंडी पंधरा-सोळाची होईपर्यंत."

ती हिशेब करत असावी. मी म्हणाले, "सुमन, तोपर्यंत तू काकू फक्त कागदावर आहेस."

"कागदाचं मला काय करायचंय, मॅडम," ती म्हणाली. "म्या तिच्या तोंडात काकू हाय."

मग पदर सारखा केला आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारून गेली. भागाबाईला सांगायची होती.

मी निवृत्त झाले. कोंडी शाळेत चालत जाते, पाय टिकून आहे. नव्यानं या कामावर येणारे मला विचारतात, तेव्हा एकच सांगते. कागद चुकला असेल तर वेळ लागला तरी कागदच दुरुस्त करा. मी माणसं दुरुस्त करून कागदाला जुळवली. कागद कोर्टात कधीतरी पुन्हा बदलून मिळतो.